हिर्डोशीच्या झऱ्यावर कोरा चहा

"त्यांना नका आणू," मालक म्हणाले. "तीस वर्षं टपरीचा चहा प्यायलेली जीभ आहे ती. साखरेनं मेलेली. त्यांना यातलं काय कळणार?"

'त्यांना' म्हणजे माझ्या वडिलांना.

मी पुण्यात चहाच्या एका दुकानात काम करते. उंची, अख्ख्या पानांचा चहा विकणारं दुकान आहे. दर रविवारी तिथं चहा चाखण्याचा वर्ग भरतो. लोक पैसे भरून येतात, पांढऱ्या कपातून बिनदुधाचा, बिनसाखरेचा कोरा चहा घोट घोट घेतात आणि कसला वास आला, कसली चव मागं राहिली ते कागदावर लिहितात. मी पाणी तापवते, वेळ लावते, कप भरते. सगळे गेले की उरलेला चहा पिते. चार वर्षांत मला या चहाचं वेड लागलंय, हे कबूल.

आणि माझे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. भोर डेपोला. त्यातली कितीतरी वर्षं भोर-हिर्डोशी मुक्कामी गाडी त्यांच्याकडं होती. दिवसाला आठ-नऊ चहा पिणारा माणूस. गेल्या वर्षी शुगर निघाली, डॉक्टरांनी चहातली साखर बंद केली, तर अण्णांनी चहाच बंद केला. घरात दुपारी आईचा चहा उकळायला लागला की ते चपला घालून बाहेर पडायचे आणि वास जाईपर्यंत परतायचे नाहीत. आठ महिने हे मी बघत होते. म्हणून मालकांना विचारलं होतं, एक दिवस त्यांना वर्गाला आणू का? त्यावर वरचं उत्तर मिळालं.

त्या संध्याकाळी मी माझ्या पगारातून दार्जिलिंगचा उन्हाळी तोडणीचा शंभर ग्रॅम चहा विकत घेतला. काळसर, पीळदार पानं, मधूनच एखादं सोनेरी टोक. तेवढ्या पैशात आमच्या घरात तीन-चार महिन्यांची चहापूड येते. आणि घरी येऊन म्हटलं, "अण्णा, शुक्रवारी हिर्डोशीला जायचं."

"कशाला?"

"तुमची लाइन बघायला."

लाइन म्हटल्यावर ते नाही म्हणणार नव्हते.

फेब्रुवारीची सुरुवात होती. पहाटे सहाला निघालो. कुणाला जायचं असेल तर सांगते: सातारा रस्त्यानं खेड शिवापूरचा टोल ओलांडायचा, कापूरहोळला उजवीकडं वळायचं, की भोर. गर्दी नसेल तर दीड तास पुरतो. पेट्रोल आणि हवा कापूरहोळच्या आधीच बघून घ्या, पुढं मनासारखं मिळेलच असं नाही. पावसाळ्यात वरंधा घाट बऱ्याचदा बंद असतो, तेव्हा चौकशी करूनच निघा.

भोरला स्टँडसमोर मिसळ खाल्ली. म्हणजे मी आत बसून खाल्ली, अण्णांनी गाडीत. ते उतरेनात.

"अहो, डेपोतली माणसं भेटतील की."

"म्हनूनच न्हाई उतरत. धा जन चहा पाजत्याल. किती जनांना नगं म्हनू?"

मी मिसळीची प्लेट त्यांच्या हातात दिली आणि आत गेले.

भोर सोडलं की रस्ता अरुंद होतो. आम्ही गेलो तेव्हा ठिकठिकाणी रुंदीकरणासाठी उकरून ठेवला होता, वीस-पंचवीस किलोमीटरला तासाहून जास्त लागला. पण डाव्या-उजव्या हाताला धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि अण्णा सीटवर पुढं सरकून बसले. गाडी मी चालवत होते, पण क्लच-ब्रेक शेजारी बसून त्यांचे पाय दाबत होते. "हितं दुसरा टाक. पुढं वळनावर म्हशी असत्यात." खरंच वळणावर म्हशी होत्या.

हिर्डोशीत रस्त्याकडेला पत्र्याची शेड, तीन बाकडी, चूल. हौसाबाईंचं हॉटेल. मुक्कामी गाडी पहाटे सुटायच्या आधी ड्रायव्हर-कंडक्टरला चहा द्यायच्या त्या याच. आता सत्तरीच्या असाव्यात. अण्णांना बघून हातातली परात तशीच धरून उभ्या राहिल्या.

"डायवरभाऊ! हायसा व्हय अजून?"

"हाय की, वैनी. तुमी बी हायसा."

एवढ्यावर चौकशी संपली. बाईंनी चुलीवर पातेलं चढवलं, दूध ओतलं. अण्णा बाकड्यावर बसले होते ते उठले.

"वैनी, नगं. म्या चहा सोडला."

"सोडला? म्हंजी... आमचा बी?"

"साखर बंद हाय."

"मंग बिगरसाखरेचा करते."

"त्यो नगं."

बाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. आमच्याकडं दारात आलेल्या माणसानं चहाला नाही म्हणणं काय असतं, हे मराठी वाचकांना सांगायला नको. अण्णा रस्त्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हे गाडीत जाऊन बसणार आणि आमची सहल इथंच संपणार.

मी पिशवीतून किटली काढली. चहाचा डबा, गाळणं, वाळूचं घड्याळ आणि पुण्याहून आणलेल्या बाटलीबंद पाण्याच्या दोन बाटल्या. "मावशी, चूल द्या मला दहा मिनिटं. दूध नाही, साखर नाही. आवडला नाही तर ओतून टाका."

वर्गात शिकवतात तसंच सगळं केलं. कपाला एक चमचा पानं, उकळी फुटल्या फुटल्या पाणी उतरवायचं, पानांवर ओतायचं, तीन मिनिटं झाकायचं. पानं पाण्यात उकळायची नाहीत, नाहीतर कडवट होतो. तीन पेले भरले.

अण्णांनी एक घोट घेतला. "काढा हाय."

बाईंनी घेतला, तोंडात धरला, गिळला. पुन्हा पेल्याचा वास घेतला. "वास लई चांगला हाय गं. पर त्वांडात गेल्यावर काईच न्हाई. पानी कुठलं?"

"बाटलीतलं. शुद्ध असतं."

"शुद्ध आसल. पर म्येलंय ह्ये पानी."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. चार वर्षं मी हे काम करते. दुकानात बाटलीचंच पाणी वापरतात, मालकांचा नियम आहे. मी पाण्याबद्दल काहीतरी ऐकवणार होते, तेवढ्यात बाईंनी कळशी उचलली. "चल."

शेडमागून चढाची पायवाट होती. दहा मिनिटं चाललो. मला धाप लागली, बाईंना नाही. वर उंबराखाली दगडांच्या सांदीतून झरा येत होता. मनगटाएवढी धार, खाली दगड रचून केलेलं छोटं टाकं. बाईंनी ओंजळ भरून मला दिली. थंड, आणि काय सांगू, मऊ. पाणी मऊ असतं हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

"नळ आलाय घरात," त्या म्हणाल्या. "पर चहाला ह्येच. तुज्या बापाला पन ह्योच पाजला म्या."

खाली येऊन पुन्हा चूल, पुन्हा तीन मिनिटं. पहिल्या वेळचा चहा मळकट तपकिरी होता. हा घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा झळकत होता. चहा तोच, डबा तोच, हातही माझाच.

अण्णांनी पेला घेतला नाही, बशी मागितली. चहा बशीत ओतला आणि फुर्रकन ओढला. आमच्या वर्गात हे शिकायला लोक पैसे भरतात. घोट आवाज करत ओढला की हवेबरोबर वास टाळूला आणि नाकाला पोचतो. दीड-दोन महिने तरुण मुलामुलींना तो आवाज काढायची लाज वाटत राहते. अण्णांना ते आयुष्यभर येत होतं.

दुसरा घोट. तिसरा. बशी रिकामी झाली. मग त्यांनी डोळे बारीक केले.

"घाटात उन्हाळ्याच्या टायमाला पहाटं काच खाली केली की एक वास यायचा."

"कसला?"

"करवंदीच्या फुलाचा. त्योच हाय ह्येच्यात. आन मागनं मध... न्हाई. मध न्हाई. पोळ्याचं मेन चावल्यावर लागतं तसं."

हौसाबाई म्हणाल्या, "मला तर भिजत घातलेल्या मनुक्यावानी लागतंय."

याच चहाच्या पाकिटावर 'सुगंधी द्राक्षासारखी चव' असं छापलेलं आहे. बाईंना मी ते सांगितलं नव्हतं. पाकीट तर घरीच राहिलं होतं.

दुधाच्या किटल्या घेऊन मोटरसायकलवरून एक जण चालला होता, तो थांबला. त्यालाही दिला. "हॅ! आजारी मानसाचं ह्ये," म्हणून पेला ठेवून गेला. म्हणजे सगळ्यांना आवडला असं मी म्हणणार नाही.

"पुन्यांदा दे," अण्णा म्हणाले. आठ महिन्यांनी.

दुपारी तिथंच जेवलो. नाचणीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, इंद्रायणीचा भात. जेवणाचे पैसे बाईंनी घेतले, चुलीचे आणि पाण्याचे घेतले नाहीत. मी अर्धा चहा त्यांच्या स्टीलच्या डब्यात ओतून दिला आणि झऱ्याच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन भरून घेतला. मुक्काम भोरला, स्टँडजवळच्या लॉजमध्ये, दोघांचे हजार रुपये. खोली स्वच्छ, गादी कडक.

सकाळी निघताना लॉजच्या नळाचं पाणी एका बाटलीत भरलं. रात्रभर माझ्या डोक्यात एक गोष्ट घुमत होती.

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याकडं गेलो. कागदावर तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण रस्ता विचारताना वेल्हेच म्हणा. भोरहून कापूरहोळ, तिथून पुण्याच्या दिशेनं नसरापूर फाटा, मग मार्गासनीवरून पाली. वेगळ्या खोऱ्यात शिरलो की समोर राजगड उभा राहतो आणि शेवटपर्यंत हलत नाही. रस्ता हिर्डोशीपेक्षा पुष्कळ बरा. शनिवार असल्यानं पालीत गडावर जाणाऱ्यांची गर्दी होती, गाडी लावायला जागा शोधावी लागली. अण्णांचे गुडघे चढू देणार नव्हते, त्यामुळं एका शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलो. त्यांनी चूल दिली, विहिरीचं पाणी दिलं.

आता मी माझा विचार अण्णांना सांगितला. तीन ठिकाणचं पाणी: भोरचा नळ, हिर्डोशीचा झरा, पालीची विहीर. चहा एकच. ओळखायचं. घरच्यांकडून तीन पातेली मागून घेतली आणि तिन्हींत वेगवेगळा चहा केला.

शेजारी गडावरून उतरलेली पुण्याची चार मुलं-मुली पोहे खात होती. त्यांतला एक हसून म्हणाला, "काका अंदाजे सांगणार. खरंच ओळखलं की नाही, हे आपल्याला कसं कळणार?"

"मग तूच चहा ओत," मी म्हटलं. "मलाही कळू देऊ नको."

त्याच्याऐवजी त्याची मैत्रीण उठली. तिनं कपांच्या बुडाला पेन्सिलीनं खुणा केल्या, तीनही पाण्यांचा चहा ओतला, कप इकडचे तिकडं केले. अण्णा आणि मी दोघं पाठ करून बसलो होतो. अण्णा चुकले असते तर त्यांचं काही बिघडणार नव्हतं, ते हसले असते. पण मला ते जड गेलं असतं.

अण्णांनी पहिला फुरका मारला. तोंड वाकडं केलं. "ह्ये भोर. नळाचं. औषध टाकत्यात त्येचा वास चहात बी ऱ्हातोय."

दुसरा कप. बराच वेळ. पुन्हा एक घोट.

"ह्ये म्या न्हाई सांगू शकत."

पोहे खाणारा पोरगा हसला. अण्णांनी तिसरा कप उचलला, एकच घोट घेतला. "ह्ये वैनींचं. झऱ्याचं." मग त्यांनी मधल्या कपावर बोट ठेवलं. "आन ह्ये मला ठावं न्हाई, कारन ह्या बाजूला म्या कधी गाडीच आनली न्हाई. म्हंजी ह्ये हितलं."

मुलीनं कप उलटे केले. तिन्ही बरोबर.

ओसरीवर कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. त्या पोरानं फक्त आपली पोह्यांची डिश बाजूला ठेवली आणि म्हणाला, "काका, मला पण द्या ना." मी मात्र अंगणात आले आणि राजगडाकडं तोंड करून मोठ्यानं ओरडले, "कुणाची जीभ मेलीय?" घरधनीण दारात येऊन बघायला लागली. बघू दे.

पुढच्या रविवारी मी अण्णांसाठी वर्गाची जागा घेतली. पूर्ण पैसे भरून, पहिल्या रांगेतली. त्यांनी सगळ्यांत मोठा फुरका मारला. कागदावर करवंदीचं फूल लिहिलं, आणि खाली लिहिलं: पाणी बदला. मालकांनी कागद वाचला आणि बाकीच्या कागदांखाली सरकवला. पाणी अजून बदललेलं नाही. माझी नोकरीही अजून आहे. अण्णा आता सकाळी आणि दुपारी एकेक कप कोरा घेतात, आईच्या उकळत्या पातेल्याशेजारी उभं राहून, आणि तिच्या चहात आलं जास्त झालंय का तेही न विचारता सांगतात.

मला वाटलं होतं, या सहलीत मी एक गोष्ट सिद्ध करून आले. चांगला चहा कुणाला कळतो हे ठरवायचा अधिकार कुणा एकाचा नाही. हे मी अभिमानानं सगळ्यांना सांगत फिरत होते. मग परवा हौसाबाईंचा फोन आला.

"चहा संपत आलाय गं तुजा. लोकांना देते. कुनी थुकतंय, कुनी दुसऱ्यांदा मागतंय."

"आणि तुम्ही, मावशी?"

"म्या घेते की रोज. दूध घालून. साखर बी दोन चमचे. लई भारी लागतोय."

त्या पानांत दूध! माझ्या जिभेवर आलं होतं: मावशी, असा चहा दुधात घालत नाहीत. शब्द अगदी तयार होते, मालकांच्या आवाजातच. ते गिळले आणि म्हटलं, "बरं. पुढच्या महिन्यात येताना अजून आणते."

"आन," त्या म्हणाल्या. "पर ह्या येळंला जरा जास्त."