आहे डेफिनिशन

आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. वडील तळेगाव ढमढेरेच्या आठवडे बाजारात चळवळीची पत्रकं वाटायचे, उरलेली घरी यायची आणि मी त्यांच्यावरच वाचायला शिकलो. त्यामुळे मला उद्गारचिन्ह आधी भेटलं, स्वल्पविराम फार नंतर. आई सांगते, तीन वर्षांचा असताना मी ताट आपटून म्हणालो होतो, "भात मिळालाच पाहिजे!" वडिलांचा नियम एकच. छापायचं ते खरं असलं पाहिजे, कारण बोललेलं माणूस फिरवू शकतो, छापलेलं लोक घडी घालून जपून ठेवतात.

एवढी वैचारिक तयारी झाल्यावर मी शिरूरच्या एका टीव्हीच्या दुकानासाठी जाहिरातीची पत्रकं लिहू लागलो. क्रांतीला अजून वेळ होता आणि मला काम हवं होतं.

दोन हजारनंतरचं पहिलं दशक संपत आलं होतं. पाठीला कुबड असलेले टीव्ही जाऊन सपाट टीव्ही आले होते. शेठनं दुकानाच्या दर्शनी भागात दोन मोठे टीव्ही शेजारी शेजारी लावले. एकाखाली पाटी होती 'डिस्क', दुसऱ्याखाली 'थेट प्रक्षेपण'. दोन्हींवर समुद्र, समुद्रात मासे.

"डावीकडं सिनेमाची नवी निळी डिस्क," शेठ म्हणाला. "उजवीकडं छतावरच्या छत्रीतून येणारं चॅनेल. दोन्ही हाय डेफिनिशन. गिऱ्हाइकाला फरक समजावून लिही, आणि फरक फारसा नाही असंही लिही."

मी स्टूल घेऊन तासभर बसलो. लिहिलं, की डिस्कमधले रंग अधिक खोल आहेत, पण प्रक्षेपणात जिवंतपणा आहे. डिस्कमधला मासा कोरल्यासारखा आहे, प्रक्षेपणातला वाहता. हे सगळं मला खरंच दिसलं. शेवटी एक ओळ माझ्या पदरची घातली. 'यंदा दसऱ्याला दीक्षाभूमीचा सोहळा आपल्या घरात, थेट, डिस्कइतका स्वच्छ!' आमच्या वस्तीतून दरवर्षी माणसं नागपूरला जातात. ज्यांना आता जाणं होत नाही, त्यांची तोंडं माझ्या डोळ्यांपुढं होती.

प्रेसमध्ये संगणकावर टाइप करणाऱ्या ताई जसं बोलायच्या तसंच टाइप करायच्या. कच्च्या छपाईत 'दुकान बाजारपेठेत हाय', 'हप्त्याची सोय हाय' असं जागोजागी दिसलं. मी घरी 'हाय'च म्हणतो, पण छापताना 'आहे' हे वडिलांनी कान पिळून शिकवलेलं. मी बाणेदारपणे म्हणालो, "ताई, जिथं जिथं 'हाय' असेल तिथं 'आहे' करा. एकही सोडू नका."

ताईंनी एक बटण दाबलं. संगणकानं एकही सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून पत्रक घरोघर गेलं. 'आहे डेफिनिशन टीव्ही आता शिरूरमध्ये!' आणि खाली पत्ता, 'पुणे–नगर आहेवेलगत'.

"आहेवे म्हणजे काय रे?" शेठनं पत्रक माझ्या नाकापुढं धरलं. "कुणाची सासुरवाडी?"

पण लोक येऊ लागले. पाबळचा एक जण आत येऊन म्हणाला, "आम्हाला त्ये आहे डेफिनिशन दावा. नुसतं नको." शेठचा राग उतरला. पत्रकांचे गठ्ठे जीपमधून न्हावऱ्यामार्गे दौंडला गेले आणि तिथं माझ्या मामाच्या हाती पडले.

मामा रेल्वेतून निवृत्त झालेला. दौंडहून गाडी धरून तो दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचा. तिथं मैदानाच्या डाव्या अंगाला चार गावचे चार दोस्त त्याची वाट बघत बसायचे. एकमेकांचे पत्ते, फोन काही नाही, ठरलेली जागा तेवढी. दोन वर्षांपासून गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि त्या चौघांतले किती राहिले, हे मामाला माहीत नव्हतं.

त्याचा फोन आला. "भाच्या, तू लिवलंस त्ये वाचलं. डिस्कवाणी सोच्छ दिसनार म्हंजी मान्सं वळखू येत्याल का?"

"येतील की, मामा."

"खरं हाय न्हवं?"

"छापलंय, मामा."

"मंग झालं. बुधवारी येतो टीव्ही न्यायाला."

मंगळवारी एक आप्पा दुकानात आले. फुलं बाजारात घालून मोकळे झालेले, बसला वेळ होता म्हणून पंख्याखाली बसले. बराच वेळ बघून म्हणाले, "आरं, ह्ये कासव मगाशीबी असंच वळलं."

"पुनःप्रक्षेपण आहे, आप्पा," शेठ म्हणाला.

"दोन्हीकडचं संगट?"

मी वाकून टीव्हीच्या मागं पाहिलं. छत्रीची वायर भिंतीपर्यंत येऊन तशीच लोंबत होती. खाली एकच डिस्क चालवायचं यंत्र, त्यातून दोन वायरी दोन टीव्हींना. म्हणजे मी तासभर बसून ज्यांची सूक्ष्म तुलना केली होती ते एकच कासव होतं.

शेठला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "अरे, तसली चॅनेल येऊ घातलीत. खेळाची, सिनेमाची. आपण जरा आधी दाखवतोय."

"आणि नागपूर?"

"ते साध्या चॅनेलवर येतं तसंच पुसट येणार. टीव्ही मोठा झाला की ठिगळं मोठी दिसणार. तुला कुणी लिहायला सांगितलं होतं?"

कुणीच सांगितलं नव्हतं.

बुधवारी मामा एसटीतून उतरून काठी टेकत आला. धुतलेला सदरा, हातात टीव्ही बांधायला चादर. खुर्चीत बसून त्यानं दोन्ही समुद्र नीट पाहिले. मग उजवीकडच्या टीव्हीकडं काठी करून म्हणाला, "ह्ये थेट हाय?"

"थेट," शेठ म्हणाला.

"मंग बातम्या लावा की. माशांस्नी काय इचारायचं?"

शेठनं माझ्याकडं पाहिलं. "आमचे लेखक समजावतील."

मी म्हणालो, "मामा, दोन्हीकडं डिस्कच आहे. प्रक्षेपण नाही. आणि नागपूर ह्याच्यावरही पुसटच दिसेल. माणसं ओळखू येणार नाहीत."

मासे पोहत राहिले.

"मंग जिवंतपना, वाहता मासा, त्ये रं काय?"

"मला दिसला होता, मामा."

"आधी डोळं तपासून घे."

शेठ म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. खरं तर मी आधीच माझं भाषण सुरू केलं होतं. ग्राहकांची फसवणूक, पाट्या तात्काळ हटवा, जाहीर खुलासा करा. तिसऱ्या मागणीला मिक्सर बघायला आलेल्या दोन बायका हसायला लागल्या. मी उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा उचलला.

"तो माझा आहे," शेठ ओरडला.

"ती ओळ माझी आहे," मी म्हणालो आणि गठ्ठा घेऊन बाहेर पडलो.

बाहेर चहाच्या टपरीवर मामा बाकावर बसला. चादरीची घडी मांडीवर होती. मला वाटलं होतं खरं बोललं की हलकं वाटेल. चळवळीच्या पत्रकांमध्ये तसंच लिहिलेलं असतं. पण समोर माझाच मामा बसला होता आणि त्याला चार माणसं दिसणार म्हणून मीच छापलं होतं.

"आता कसं बघायचं रं त्यांस्नी?" तो म्हणाला.

मी त्याची बशी त्याच्यापुढं सरकवली.

"तुला आता काम न्हाई न्हवं?"

"नाही."

"मंग चल की नागपूरला. रेल्वेचा पास हाय, गुडघं न्हाईत. तुझा खांदा हाय, अक्कल न्हाई. दोघांचं मिळून एक मानूस व्हतंय."

दसऱ्याला आम्ही पोचलो. मैदानात धूळ, पुढं पाठीच पाठी, कर्ण्यांतून दोन भाषणं एकमेकांवर आदळत होती. मामाला खांद्यावर रेलवून डाव्या अंगाला न्यायला मला दीड तास लागला. खांद्याला मुंग्या आल्या. एका झाडाखाली तीन म्हातारे बसले होते. मामा थांबला, मोजलं, पुन्हा मोजलं.

"चवथा?"

एकानं नुसता हात हलवला. मग दुसरा म्हणाला, "आमी तुलाबी गेला धरलं व्हतं. दोन वर्सं झाली, मुडद्या!"

मामा त्यांच्यामध्ये घुसून बसला. कुणी त्याचे गुडघे चोळू लागलं, कुणी डबा उघडला. चौघांनी एकमेकांकडं इतक्या जवळून पाहिलं, की दाढीचा एकेक पांढरा केस मोजत असावेत. मला काहीतरी म्हणावंसं वाटलं, माफी वगैरे, म्हणून मी पुढं होऊन मामासमोर उभा राहिलो.

"बाजूला व्हय रं," मामा म्हणाला. "तुझ्यामुळं काय दिसंना."