व्हॉलीबॉलच्या सरांचे टाचण

आमच्या शाळेच्या व्हॉलीबॉलच्या सरांइतके स्वतःकडे लक्ष नसलेले गृहस्थ उभ्या नागपुरात दुसरे सापडणार नाहीत, हे मी पूर्ण विचारांती लिहीत आहे. त्यांच्या शर्टाची बटणे नेहमी एक घर चुकवून लावलेली असत आणि दोन पायांत दोन निराळ्या जोडांच्या चपला असत. एकदा त्यांचा गुडघा धरला, म्हणून मी त्यांना धरमपेठेतल्या माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी विचारले, "कुठे दुखते?" सर प्रामाणिकपणे म्हणाले, "शाळेच्या जिन्यात." "अहो, जिन्यात नव्हे, पायात कुठे?" "ते तुमी पाहून सांगा ना डॉक्टरसाहेब. मले तर तिसऱ्या पायरीवर दुखते."

त्यांचे सारे लक्ष बाहेरच्या वस्तूंवर असे आणि शिकवणेही तसेच. मनीषनगरच्या एका मोकळ्या प्लॉटवर त्यांनी मला, माझ्या वयाच्या पन्नाशीत, स्कूटर शिकवली. मीही त्याच शाळेत शिक्षक, म्हणून तेही मला सरच म्हणत. "सर, हँडलकडे काहून पाहून राहिले? ते काही पळून नाही जात. समोरच्या पानठेल्याकडे पाहा." मी आज्ञाधारकपणे पानठेल्याकडे पाहिले आणि थेट पानठेल्यातच पोचलो. चुन्याचा डबा माझ्या मांडीवर उपडा झाला. सरांनी धावत येऊन मला उठवले आणि समाधानाने म्हणाले, "पाहा, बरोबर पोचले की नाही? आता ठेल्याच्या बाजूच्या रस्त्याकडे पाहत जा." त्यानंतर मी कधीही पडलो नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मैदानावर मुलींना सर्व्हिस शिकवताना 'मनगट' किंवा 'कोपर' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. नेटच्या पलीकडे, मैदानाच्या टोकाला प्रयोगशाळेची खिडकी होती, तिला बाहेरून लोखंडी जाळी. नववीतल्या एका किरकोळ मुलीला ते सांगत, "हाताले सोड वं, तो येते आपल्या मनानं. खिडकीची तिसरी काच दिसून राहिली ना? तिले जाऊन टपली मार." जूनमध्ये जिचा चेंडू नेटपर्यंत पोचत नव्हता, तिचे दिवाळीपर्यंत दहांतले आठ चेंडू त्या जाळीवर वाजू लागले. प्रयोगशाळेच्या बाई रोज तक्रार करीत आणि सर रोज त्यांचे अभिनंदन स्वीकारल्यासारखे हसत.

सर तासिका तत्त्वावर होते; दरवर्षी त्यांची नेमणूक नव्याने करावी लागे. त्या वर्षी क्रीडाशिक्षकाची एक कायम जागा भरायची होती. ती सरांनाच मिळावी अशी माझी मनापासून इच्छा होती. मी पर्यवेक्षक होतो आणि भूमिती शिकवत असे. अर्ज पाहणाऱ्यांपुढे सर्वांत आधी टाचणवही जाते, हे मला ठाऊक होते. म्हणून मी त्यांची वही मागवून घेतली. प्रत्येक तासाला काय शिकवणार, त्याचा उद्देश, पायऱ्या, मूल्यमापन हे सारे ज्या वहीत असायला हवे, तिच्यात लिहिले होते: 'सोमवार : खिडकी. मंगळवार : बोरीचं झाड. बुधवार : खिडकी, थोडी डावीकडून.'

दोन रविवार खर्चून मी त्यांना शास्त्रशुद्ध टाचण करून दिले. सर्व्हिसच्या बारा पायऱ्या, पावलांतले अंतर, खांद्याचे वळण, कोपराचा कोन आणि मनगटाची दिशा आकृतीसह मांडली. सरांनी ते दोनदा वाचले. "सर, हे एवढं सगळं करतो मी?"

"नकळत करता," मी म्हणालो. "आता कळून करा."

वाचकहो, त्यांनी ते इतके मनावर घेतले की वही हातात धरूनच मैदानात उतरू लागले. मुलींना गंमत वाटली. "सर, माह्यं कोपर काटकोनात आहे का? कंपासपेटी आणू?" एकीने टोमणा मारला. सर गंभीरपणे म्हणाले, "आण." हळूहळू खिडकीवरचा आवाज कमी झाला. प्रयोगशाळेच्या बाईंनी मला भेटून आभार मानले. मीही ते स्वीकारले. मला वाटले, शिस्त येत आहे.

शालेय सामन्यांत निर्णायक सेटमध्ये सर्व्हिस नववीतल्या त्या किरकोळ मुलीकडे आली. ती चेंडू हातात घेऊन उभी राहिली आणि स्वतःच्या मनगटाकडे पाहू लागली. मग तिने कडेला उभ्या असलेल्या सरांना विचारले, "सर, आधी कोपर का मनगट?" सर वहीची पाने उलटू लागले. पंचांनी शिटी वाजवली, तिने हात फिरवला आणि चेंडू नेटमध्ये गेला. तिच्यानंतरच्या मुलीची सर्व्हिसही तिथेच गेली. जिथे पोचायचे तिथे लक्ष असले की हात आपला आपण वळतो, आणि हाताकडेच पाहत बसले की तो अडखळतो, हे मला त्या वेळी एखाद्या प्रमेयाइतके स्वच्छ दिसले. फक्त सामना हरून झाला होता.

जागेचा निर्णय झाला त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला विचारले, "यांचे टाचण कसे आहे?" "परिपूर्ण," मी म्हणालो. "मग निकाल असा का?" चूक टाचणाची आहे आणि टाचण माझे आहे, एवढेच सांगायचे होते. मी टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिलो. जागा दुसऱ्याला मिळाली, आणि पुढच्या जूनपासून सरांच्या तासिकाही थांबल्या.

माझ्या निवृत्तीनंतर कळले की सर कळमेश्वरला, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी आहेत. क्षमा मागण्यासाठी म्हणून गेलो. वाक्य घरूनच तयार करून नेले होते. गणवेशाची बटणे नीट लावलेली होती. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले.

"खेळता का अजून?" मी विचारले.

"नाही सर. चेंडू हाती घेतला का हातच दिसते." मग माझी समजूत घालावी तसे म्हणाले, "पण तुमच्या टाचणानं एक बरं झालं. मले समजलं, का मले शिकवताच येत नव्हतं. लेकरं आपल्या मनानं शिकत गेले अन् मले वाटे, मीच शिकवून राहिलो."

ते खरेच आभार मानत होते. मी तोंड उघडले, तेवढ्यात बाहेर ट्रकने हॉर्न दिला आणि ते फाटक उघडायला गेले. परत आले तेव्हा त्यांनी चहा सांगितला होता. मग पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली, आणि मी उठलो.

कळमेश्वर काही लांब नाही. नागपूरहून बस दिवसभर असतात. या रविवारी जायचे, असे मी बरेचदा ठरवतो.