दुसरी सुपारी

शनिवारी सकाळी ओटीवर आम्ही दोघं सुपारी सोलत बसलो होतो. माझी बायको शेवंती सहा सुपाऱ्या ओळीत मांडायची, एकेका सुपारीला फ्रेंचची एकेक ओळ म्हणायची आणि ती सोलून सुपात टाकायची. सहा सुपाऱ्या झाल्या की एक क्रियापद झालं. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. त्या दिवशी 'येणे' चाललं होतं. "झ व्हियाँ," म्हणजे मी येते, असं म्हणाली आणि पहिली सोलली. दुसरी तिनं नेहमीसारखी माझ्यापुढे सरकवली.

तुम्ही शेवंतीला पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो. बुटकी, आवाजानं मोठी, सातवी शिकलेली. मी चौथी. दिवेआगरला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. वादळानं ती निम्मी आडवी केली तेव्हा मी दोन दिवस डोक्याला हात लावून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी ही पडलेल्या झाडांच्या मधून सुपारीची रोपं लावत फिरत होती. मी म्हटलं, "याला फळ धरेल तेव्हा आपण असू का?" तर म्हणते, "ते सुपारीला इचारायचं न्हाय. आपण लावायची."

फ्रेंचचंही तसंच. मुलगा महेश नोकरीला फ्रान्समध्ये गेला, तिथलीच बायको केली. नात मीरा आता सात वर्षांची. तीन वर्षांमागं एकदाच आली होती. आठ दिवस कोपऱ्यात बसून राहिली. निघताना बापाच्या कानात काहीतरी म्हणाली. शेवंतीनं खोदून विचारलं तेव्हा महेशनं सांगितलं, "आई, ती म्हणते, इथं माझ्याशी कुणी बोलत नाही." तेव्हापासून पोर यायचं नावच काढीना.

दुसरी एखादी रडली असती. शेवंती म्हणाली, "खोटं न्हाय बोलली. आपण तिच्याकडं बघून नुसतं हसत व्हतो, येड्यासारखं." दुकानातून दोनशे पानी वही आणली. मोबाईलवर धडे लावायची, ऐकेल तसं मराठी अक्षरांत उतरवायची. मी टोचायचो. "या वयात फ्रेंच? स्मशानात विचारतात का?"

"इचारलं तर तुमी गप ऱ्हावा, मी बोलंन."

पहिल्याच धड्यात अडली ती 'तू'वर. समोर मी बसलेला. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, मला कधी 'तू' म्हणाली नाही. "अवो, तुमच्या तोंडाकडं बघून न्हाय म्हणवत."

"मग त्या माडाकडं बघून म्हण."

"माडाला तरी कसं म्हणू? तो पोसतो आपल्याला." मग तिनंच तोड काढली. "तुमी मला तूच म्हणताय की. ती ओळ तुमची."

तेव्हापासून दुसरी सुपारी माझी. माझी जीभ लाकडाची. शेवंती म्हणायची, "फुंकणीला लावता तसे ओठ करा आणि 'ती' म्हणा." तसं केलं की बरोबर 'त्यू' निघतं. बाकीच्या पाच ओळींकडे मी लक्षच दिलं नाही.

रविवारी अकराच्या पुढं मीराचा व्हिडिओ फोन यायचा. शेवंती वही मांडीवर घेऊन बोलायची, पोर तिकडून चुका काढायची. आजीच्या चुका काढायच्या म्हणून मीरा फोनची वाट बघायला लागली. महेश म्हणायचा, "बाबा, इथं जेमतेम उजाडलेलं असतं, तरी ही उठून बसते."

त्या शनिवारी शेवंतीनं मला बजावलं होतं. "उद्या मी तिला इचारणार, येतेस का म्हणून. तुमी मधी तोंड घालू नका. महेशलाबी सांगितलंय, तू आणू नको. बापानं आणली तर सामानासारखी येईल. तिनं आपल्या तोंडानं हो म्हटलं पायजेल."

आणि दुसरी सुपारी पुढे सरकवली, तेवढ्यात लाईट आली. मी उठलो. "तुझी फ्रेंच राहू दे. पंप लावतो, परत जाईल."

"बरं. ऱ्हाऊ दे तितंच. संध्याकाळी म्हणा." पुढच्या चार तिनं सोलल्या. वाडीत पाणी सोडताना मला ऐकू येत होतं.

दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. महेश फोनवर म्हणाला, माझ्यासाठी थांबू नका, मला पोचायला दोन दिवस लागतील. अंधार पडायच्या आत सगळं उरकलं.

रविवारी सकाळी मी ओटीवर आलो. सूप तिथेच होतं. बाजूला न सोललेली एक सुपारी. अकराच्या पुढं फोन वाजला. महेश होता, डोळे सुजलेले. "बाबा, मी रात्री निघतो. एकटाच येतो. मीरा नको म्हणते. म्हणते, आता तिथं माझ्याशी कोण बोलणार?"

मी म्हटलं, "तिला दे फोन."

पोर समोर आली. केस विंचरलेले नव्हते. मी सुपारी हातात घेतली, फुंकणीला लावतो तसे ओठ केले.

"त्यू व्हियाँ?"

तिनं नाही अशी मान हलवली आणि तेच दोन शब्द हळूहळू, तोंड उघडून दाखवत म्हणाली. माझं चुकलं होतं. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ती "वुई" म्हणाली. वहीच्या पहिल्या पानावर तो शब्द आहे. हो.

मागून महेशचा रडण्याचा आवाज येत होता. मी फोन बंद केला. पोर यायला दोन दिवस. पोत्यातून पाच सुपाऱ्या काढल्या, आधीची एक होतीच. सहाही ओळीत मांडल्या, वही उघडली, चष्मा लावला आणि शेवंतीची पहिली ओळ म्हटली.