भाटकाराचा प्रिंटर, मुंडकाराचं नाटक

माझे बाबा मराठीसाठी भांडायचे, ते कोंकणीतून. आमच्या आमोण्यात ह्याचं कुणाला नवल वाटत नसे, कारण निम्मा गाव तेच करायचा. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, कोंकणी राजभाषा झाली, त्यालाही कैक वर्षं उलटली, तरी बाबांचा पारा काही उतरला नव्हता. आयुष्यभर मराठी शाळेत मास्तरकी केलेली. व्हरांड्यात बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पकडून ठणकावायचे, "मराठी आमची भास! आमच्या पुर्वजांनी देवाक साद घातली ती मराठींतल्यान!" मग आतून आईचा आवाज यायचा, "तें मराठींतल्यान सांगात पळोवया." बाबा गप्प. आई वारली आणि त्यांना गप्प बसवणारं घरात कुणी उरलं नाही. मी पणजीची खोली सोडून घरी परत आले होते, पण माझं ते ऐकतील तर शपथ.

जत्रेला देवळाच्या मांडावर, म्हणजे गाव जमतो त्या मंडपात, मराठी नाटक व्हायचं आणि बाबा त्याचे प्रॉम्प्टर. पडद्याआड स्टुलावर बसून त्यांनी गावातल्या तीन पिढ्यांना वाक्यं पुरवली. नाटक मात्र दर वर्षी तलवारीचं. नाटक मंडळाच्या अध्यक्षांचे खाणीवर ट्रक होते आणि घरी राजाच्या कपड्यांनी भरलेली एक पेटी होती, तेव्हा राजा कोण होणार हा प्रश्नच नव्हता. निवृत्त झाल्यावर बाबांनी हळूहळू स्वतःचं एक नाटक लिहिलं. त्यात राजा नाही, तलवार नाही. एक विधवा आई आणि आखातात नोकरीला निघालेला तिचा मुलगा. कोंकणीचा एक शब्द त्यात येणार नाही, असं त्यांनी मांडावर सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, तरीही.

अध्यक्षांनी एक संधी दिली. "आयतारा सांजे मांडार वाचून दाखयात मास्तर. पसंत पडलें जाल्यार तुमचें. ना जाल्यार राजा." बाबा घरी आले ते नव्या नवऱ्यासारखे लाजत. ह्या वर्षी झालं तर झालं, पुढचं कोण सांगणार, एवढंच म्हणाले. बाबांचं वय आणि त्यांचा खोकला दोन्ही मला ठाऊक होते, त्यामुळे मी चेष्टा केली नाही. हे माझ्या बाबतीत क्वचितच घडतं.

नाटकाचं एक दुखणं होतं. शेवटी आई मुलाला निरोप देते ते भाषण काही केल्या जमत नव्हतं. आईचं काम करणारी आमच्या शेजारची अंगणवाडीतली ताई स्पष्ट बोलणारी. "मास्तर, हें माका पाठ जाता, पूण पोटांतल्यान येना," म्हणाली. बाबांना ते लागलं. भाषण सुरू व्हायचं "जा, माझ्या वत्सा, जा!" असं, आणि पुढे मातेचे अश्रू आखाताच्या तप्त वाळूला शीतल करणार होते. आमोण्याहून तिथवर अश्रू पोचवायचे कसे ते नाटकात दिलेलं नव्हतं.

आणि ऐन वेळी बाबांचा जुना संगणक मेला. नाटक वाचलं, कारण मी त्याची प्रत काढून ठेवली होती. पणजीला कचेरीत मी दिवसभर संगणकापुढे बसते म्हणून घरच्यांच्या लेखी मी इंजिनियर. पण नाटक ज्या मराठी टंकनाच्या प्रोग्राममध्ये होतं तो अगदी जुन्या जमान्यातला. मी आणलेल्या नव्या संगणकावर तो उघडायचं नाव घेईना. नव्या पद्धतीने टाइप करायला शिका म्हटलं, तर बाबा म्हणाले की ह्या वयात बोटांना दुसरी शाळा नको.

शेवटी मी नव्या संगणकाच्या आत एक व्हर्च्युअल मशीन उभं केलं, म्हणजे खोटा संगणक. खऱ्याच्याच पोटात राहतो, पण स्वतःला स्वतंत्र समजतो. त्यात जुनी प्रणाली घातली, जुना प्रोग्राम घातला, आणि नाटक उघडलं. ती प्रणाली खिडक्यांच्या नावाची, आणि खिडकीला आमच्याकडे पोर्तुगीजांच्या वेळेपासून जनेल म्हणतात. बाबांनी चष्मा सरसावून पाहिलं. "जनेलांत जनेल," म्हणाले. "आतलें जनेल उगडून कितें मेळटा? भायलेंच जनेल." मी हात जोडले.

नाटक दिसत होतं, पण छापून निघेना. प्रिंटर नवा, त्याची यूएसबी वायर नव्या संगणकाला. ती परस्पर आतल्या संगणकाला देऊन पाहिली, तर त्या जुन्या प्रणालीला हा प्रिंटर कोण, कुठला, काही ओळख पटेना, आणि बाहेरचा संगणक म्हणू लागला की माझा प्रिंटर कुणी नेला. तेव्हा एकच मार्ग उरला. प्रिंटर बाहेरच्याकडे राहू द्यायचा, त्याने तो नेटवर्कवर सामायिक करायचा, आणि आतल्याने नेटवर्कवरून येऊन वापरायचा.

"म्हणजे एकाच पेटयेंत रावतात आनी नेटवर्कांतल्यान उलयतात?" बाबांनी विचारलं. उलयतात म्हणजे बोलतात.

"हय."

"तुजो काका आनी काकी तशींच."

मग मी त्यांना समजेल असं सांगितलं. बाहेरचा संगणक भाटकार, जमिनीचा मालक. आतला त्याचा मुंडकार, मालकाच्या भाटात घर बांधून राहणारा. प्रिंटर म्हणजे भाटकाराची विहीर. मुंडकाराला पाणी मिळेल, पण विहिरीपर्यंतची वाट भाटकाराने दिली तर. हे ऐकल्याबरोबर बाबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. वाटेची भांडणं त्यांनी गावात जन्मभर पाहिली होती, त्यात पंच म्हणून बसलेही होते. "मागीर वाट दी ताका," म्हणाले, "भाटकार आयकना जाल्यार मामलेदाराकडेन वच." मी दोन्ही संगणकांना नेटवर्कवर तीच नावं देऊन टाकली.

वाट काढणं सोपं नव्हतं. आधी कळलं की मुंडकार भलत्याच नेटवर्कवर आहे, त्याला भाटकार दिसतच नाही. त्याला ओढून ह्या बाजूला आणलं. मग भाटकार पासवर्ड मागू लागला. तो दिला, तर मुंडकाराकडे ह्या प्रिंटरचा ड्रायव्हर नाही. प्रत्येक वेळी मी इंटरनेटवर वाचत बसायचे, आणि वाचत बसले की मागून बाबा येऊन मुंडकाराच्या खिडकीत प्रिंटचं बटण दाबायचे. मी ओरडायचे, "बाबा, दाबूं नाका!" ते म्हणायचे, "पळयलें हांवें. निखटें पळयलें." म्हणजे नुसतं पाहिलं.

ह्यात एक गंमत होती, ती मला नंतर कळली. प्रिंट निघाली नाही की कुणीही शहाणा माणूस प्रिंटरला शिव्या देईल. बाबांना वाटायचं, भाषणात खोट आहे. ते तसं बोलून दाखवत नसत, पण दर वेळी थोडा विचार करायचे, खुर्ची पुढे ओढायचे, शेवटचं पान दुरुस्त करायचे, आणि मग पुन्हा फक्त तेच पान प्रिंटरकडे पाठवायचे. वत्साचा सुपुत्र झाला. सुपुत्राचा कुलदीपक झाला. अश्रूंच्या जागी आशीर्वादाचे मेघ आले. लेखकाच्या जातीला यंत्राचा नकारही संपादकाचा वाटतो.

रविवारी सकाळपर्यंत काही जमलं नाही. संध्याकाळी वाचन. डोकं पिकलं म्हणून मी नुस्तं आणायला साखळीच्या बाजाराला गेले. घरात मासळी नसेल तर आमच्याकडे रविवार धरत नाहीत. बांगडे घेऊन परत आले तेव्हा बाबा मेजापाशी चष्मा हातात घेऊन बसले होते. डोळे लाल. मी म्हटलं, पडद्याकडे पाहून पाहून झालं असेल. मुंडकाराच्या खिडकीत पाहिलं, तर भाषण जागच्या जागी होतं, पुन्हा वत्सापासून सुरू झालेलं.

जेवण उरकून मी पुन्हा बसले. मुंडकाराला थाप मारली की भाटकाराचा प्रिंटर हा त्याच घराण्यातला एक जुना प्रिंटर आहे, ज्याची त्याला ओळख होती. जुना ड्रायव्हर दिला, वाट म्हणून भाटकाराचं नाव आणि प्रिंटरचं नाव लिहिलं, आणि हो म्हटलं.

प्रिंटर खाकरला. मग सुटलाच. आधी अख्खं नाटक, मग शेवटचं पान, मग शेवटचं पान, मग पुन्हा शेवटचं पान. बाबांनी दाबलेलं एकूण एक बटण मुंडकाराने रांगेत जपून ठेवलं होतं, आणि वाट मिळाल्याबरोबर सगळं एकदम विहिरीवर नेलं. कागद मेजावर, मेजाखाली, मांजराच्या अंगावर. मी आनंदाने किंचाळत होते. बाबा खाली बसून पानं गोळा करत होते. मांडावर माणसं जमू लागली होती. शेवटचं पान सोडून बाकीच्या नाटकाच्या प्रती करायला मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे पळाले, आणि परत येईपर्यंत बाबांनी प्रत्येकाच्या फाईलला एकेक शेवटचं पान लावून ठेवलं होतं. "सगळीं सारकींच गो, उतरांचो फरक," म्हणाले. म्हणजे फक्त शब्दांचा फरक.

मांडावर अध्यक्ष प्लास्टिकच्या खुर्चीत राजासारखे बसले होते. वाचन बरं चाललं. दोन-तीन ठिकाणी लोक हसले, तेही जिथे हसायचं तिथेच. बाबा सवयीने खांबाआड बसून प्रॉम्प्ट करत होते, समोर प्रत्येकाच्या हातात कागद असताना. मी भिंतीला टेकून देवाकडे न बघता देवाला बोलत होते की एवढं होऊ दे, राजाला ह्या वर्षी घरी बसव.

शेवटचं पान आलं. ताईने पान उलटलं आणि थबकली. खांबाआडून बाबांचा आवाज आला, "जा, माझ्या वत्सा, जा!" ताईने तिकडे पाहिलं नाही. ती कागदावरचं वाचू लागली, नेहमीपेक्षा हळू.

"वता जाल्यार वच. थंय भुकेन रावूं नाका. हांव हांगा सदांच तुज्या वांट्याचें शीत दवरतां. तूं आयलो ना जाल्यार कोंबयांक घालतां. कोंबयो तरी माका पळोवन धांवत येतात."

"आखाताच्या तप्त..." खांबाआडून सुरू झालं आणि तिथेच थांबलं.

हे मला म्हटलेलं होतं. पणजीला नोकरी लागली, खोली घेतली, आणि मी बॅग घेऊन पायरी उतरत होते तेव्हा आई दारात उभं राहून हेच म्हणाली होती, ह्याच शब्दांत, माझ्या वाटणीच्या भातासकट, कोंबड्यांसकट. मी हसून बस पकडली होती. बाबा तेव्हा व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केलेली मला आठवत नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि इतकी वर्षं जसंच्या तसं ठेवलं होतं. सकाळी मी बाजारात असताना ते लिहून, बटण दाबून, पुन्हा पुसून टाकलं होतं, आणि मुंडकाराने तेही रांगेत जपलं होतं. नाटकात मुलगा होता, म्हणून 'आयलें'चं 'आयलो' केलं होतं. तेवढी एक मात्रा सोडली तर मास्तरांनी काही दुरुस्त केलं नव्हतं.

मागे कुणीतरी कोंबड्यांवर हसायला लागलं आणि अर्ध्यात थांबलं. ताई पदराने नाक पुसत होती. अध्यक्षांनी घसा साफ केला.

"घेवया मास्तर, तुमचेंच घेवया," म्हणाले, आणि शेवटचं भाषण कुणी लिहिलं ते विचारलं. "पूण हें निमाणें कोणें बरयलां? तुमचें दिसना. आनी कोंकणींत कशें?"

सगळ्या माना खांबाकडे वळल्या. एक शब्द कोंकणीचा येणार नाही, हे बाबा ह्याच मांडावर बोलले होते, आणि ते ऐकलेले सगळे इथेच बसले होते. मी पुढे झाले. प्रिंटरचा घोळ झाला, जुनं पान चुकून आलं, मूळ भाषण मराठीतच आहे, असं सांगायला तोंड उघडलं.

बाबा खांबाआडून बाहेर आले. हातातला वत्साचा कागद त्यांनी चार घड्या करून खिशात घातला. माझ्याकडे बोट केलं.

"म्हजें न्हय," म्हणाले. "हिचे आवयचें."

मग ताईकडे वळले. आवाज मास्तरांचा राहिला नव्हता.

"परतून एक फावट म्हण गो. सवकास म्हण."