आमचे व्याही आणि नसलेलं बटण

जगात कुठलीही गोष्ट आपोआप बिघडत नाही आणि आपोआप सुधारतही नाही, यावर मनापासून श्रद्धा असलेला एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघाला. गळणारा नळ थांबला की तुम्ही-आम्ही ‘सुटलो’ म्हणतो. आमचे व्याही विचारतात, "काहून थांबला?" ते मूळचे भंडाऱ्याकडचे. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या नोकरीवर ऐन तारुण्यात पुण्यात आले, विश्रांतवाडीत घर केलं, इथल्या बोलीत, इथल्या उन्हात आणि इथल्या बसच्या रांगेत पुरते मुरले. पण ‘का’ला ‘काहून’ म्हणणं काही सोडलं नाही. मला वाटतं, त्यांना आमचा ‘का’ अपुरा पडत असावा. ‘का’ विचारणारा माणूस उत्तर नाही मिळालं तरी चहा पिऊन घरी जातो. ‘काहून’ विचारणारा तिथेच मांडी घालून बसतो.

एकदा ते आमच्या कसबा पेठेतल्या घरी यायला निघाले आणि पाऊण तास झाला तरी जिना चढून वर येईनात. मी खाली डोकावलो, तर पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकांच्या दारापाशी स्टुलावर उभे. त्या दारावर कित्येक वर्षं पाटी होती : ‘घंटा बिघडली आहे. कडी वाजवावी. एकदाच.’ व्याह्यांनी कडी एकदाच वाजवली, घरमालकांकडून स्टूल मागून घेतलं आणि घंटा दुरुस्त करून दाखवली. दोन तारा सुटल्या होत्या, एवढंच. घरमालक शांतपणे म्हणाले, "आपले आभार. आता आम्हाला ती पुन्हा बिघडवावी लागेल. लोक फार वाजवतात." व्याह्यांना याचं वाईट वाटलं नाही. उलट वर येऊन त्यांनी आपल्या दोनशेपानी वहीत नोंद केली, की तारा सुटल्या नव्हत्या, सोडलेल्या होत्या. ही वही कायम त्यांच्या शबनम पिशवीत असते. तिच्यात आडव्या रेघेवर बिघाड, खाली कारण आणि शेवटी खूण, अशी मांडणी. कारणाची जागा रिकामी राहिली तर त्या पानाचा कोपरा दुमडलेला. दुमडलेला कोपरा त्यांना झोपू देत नाही, असं माझा जावई सांगतो.

संगणकाशी त्यांची ओळख ऑफिसातली. ते यंत्र आलं तेव्हा त्याला एक स्वतंत्र थंड खोली मिळाली होती, वर मखमली आच्छादन होतं आणि चपला बाहेर काढाव्या लागत. बाकीचे लोक लांबून नमस्कार करून परत फिरायचे. व्याह्यांनी त्याच्यासोबत आलेलं जाडजूड पुस्तक घरी नेऊन दोनदा वाचलं आणि मगच बोट लावलं. पुढे घरी संगणक आला, तेव्हा कॉलेजात शिकणारा मुलगा रस्त्यावरच्या टपरीवरून सगळे कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर, चोरून भरलेली एक तबकडी घेऊन आला. सगळं पुणं तेव्हा तेच करत होतं. व्याह्यांनी तबकडी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "हे ज्यानं बनवलं, त्यानं आपल्याला देलं का?" मुलानं नकारार्थी मान हलवली. "मग आपलं नाही." त्यांच्या घरी पंचशील रोज म्हणतात, जे दिलेलं नाही ते घ्यायचं नाही, हे त्यांनी तबकडीलाही लावलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी संगणक चालवणारं लिनक्स शोधून काढलं, कारण ते बनवणाऱ्यांनीच सगळ्यांना देऊन टाकलेलं होतं. तेव्हापासून त्या घरात दुसरं काही चाललं नाही.

याचा प्रसाद आम्हाला लग्नाच्या बैठकीतच मिळाला. आमची मधुरा आणि त्यांचा मुलगा हिंजवडीच्या एकाच कंपनीत, एकाच बसने जाणारे. तिथेच त्यांचं ठरलं. ते बौद्ध, आम्ही कसब्यातले पिढीजात देशस्थ. माझी बायको बैठकीला बसली होती खरी, पण तिचा चेहरा बंद दुकानासारखा होता. जातीचंच कारण होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. मीही आतून फार धीट होतो असं नाही. तेवढ्यात व्याही पुढे सरकून गंभीरपणे म्हणाले, "एक विचारतो, राग मानू नका. तुमच्याकडे काय चालतं?" बायको ताठ आवाजात म्हणाली, "आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही." व्याही गोंधळले. "नाही, तसं नाही. संगणकावर काय चालतं?"

लग्नातही तेच. नोंदणी पद्धतीने लग्न झाल्यावर छोटा समारंभ होता आणि माईक शिट्टी मारत होता. फोटोसाठी मुलाकडच्या मंडळींना बोलावलं तेव्हा मुलाचे वडील गायब. विहीणबाई पूर्वीच वारलेल्या, त्यामुळे त्या बाजूला आधीच एक जागा रिकामी. शेवटी ते टेबलाखाली सापडले, हातात माईकची वायर. "अर्थिंग नाही," एवढं सांगून पुन्हा आत गेले. आमच्या अल्बममधल्या त्या फोटोत त्यांचा फक्त उजवा बूट आहे.

वर्षभरात कंपनीने जावयाला जर्मनीला पाठवलं आणि मधुराही गेली. जाताना जावयाने आपला जुना लॅपटॉप आम्हाला दिला, त्यावर अर्थातच व्याह्यांची ती मुक्त प्रणाली. रविवारी दुपारी मधुरा त्यावर दिसायची. मी बोलायचो. बायको स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज करत राहायची. फोनवर ती लेकीशी तीनच वाक्यं बोलत असे आणि ठेवून देत असे. मधुराला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा चौथं वाक्य आलं : "जिने चढू नकोस."

आणि नेमका तेव्हाच लॅपटॉपला तो रोग जडला. लॅपटॉप सुरू व्हायचा, पण वायफाय बंदच. कडेचा बारीक दिवा निळा व्हायच्या ऐवजी नारिंगी. घरात वायफाय होतं, माझ्या फोनवर चालत होतं. लॅपटॉप मात्र रोज सकाळी उठून आपण संन्यास घेतल्यासारखा वागायचा. मी व्याह्यांना फोन केला. ते पुढच्या रविवारी दोन बस बदलून हजर. अर्ध्या तासात त्यांनी काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली, दिवा निळा झाला, मधुरा दिसली. मी म्हणालो, "झालं की." व्याह्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी परीक्षेत कॉपी केली होती. "हा उतारा झाला, व्याहीबुवा. रोग तिथंच आहे. सुरू होताना कोणीतरी त्याला बंद करून राहिलं. काहून?" मी ती ओळ एका चिठ्ठीवर लिहून घेतली. वास्तविक माझं काम झालं होतं. पण त्यांच्या वहीचं पान दुमडलं गेलं होतं.

मग रविवारमागून रविवार ते येऊ लागले. अकरा वाजता घंटा वाजायची, ते चपला ओळीत काढायचे, खिडकीपाशी सतरंजीवर बसायचे. लॅपटॉप बंद करायचे, सुरू करायचे, दिव्याकडे बघायचे, वहीत लिहायचे. कधी बॅटरी काढून, कधी ब्लूटूथ बंद करून, तर एकदा लॅपटॉपचं तोंड ओंकारेश्वराच्या देवळाकडे करून. "दिशेनं काय होणार?" मी विचारलं. "काही नाही होणार," ते म्हणाले, "पण नाही होत हे लिहून तर ठेवलं पाहिजे." मी चहा आणून द्यायचो. आतून बायको म्हणायची, "अजून किती दिवस चालणार आहे हे?" हळू आवाजात, पण पुण्याच्या हळू आवाजात; म्हणजे ज्याला ऐकू जायला हवं त्याला नीट ऐकू जाईल इतक्या. व्याही माझ्याकडे बघून म्हणायचे, "त्यांना म्हणा, बरोबर प्रश्न आहे."

सहाव्या की सातव्या रविवारी त्यांनी लॅपटॉपची रोजनिशी उघडली. यंत्र कधी सुरू झालं, कधी बंद झालं, मध्ये काय काय घडलं, सगळं ते आपलं आपण लिहून ठेवतं, हे मला तेव्हा कळलं. व्याही बोटाने ओळी मोजत होते. मध्येच थांबले. "व्याहीबुवा, तुम्ही हा दुपारी तीनला रोज काहून सुरू करता?"

"मी? मी तीनला पेन्शनर संघात असतो. घरी नसतोच."

"सोमवार, मंगळवार, बुधवार," ते वाचत राहिले. "तीन वाजता सुरू. वायफाय बंद. दहा-पंधरा मिनिटं तसाच. मग बंद. गुरुवारी पण. मागच्या हप्त्यात पण."

आम्ही दोघांनी एकदमच स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत भांडी लागत होती. तीन वाजता जर्मनीत सकाळ असते, मधुरा घरी असते, एवढं मला ठाऊक होतं. माझ्या मागून येता-जाता मी कुठे काय दाबतो हे बायकोने पाहून ठेवलं असणार. चिठ्ठीवरची ती इंग्रजी ओळ आणि पासवर्ड मात्र तिच्या आवाक्यातला नव्हता, आणि मला विचारणं तिच्या स्वभावात नव्हतं. रोज दुपारी घरात कुणी नसताना ती यंत्र उघडून त्या नारिंगी दिव्यासमोर बसत होती आणि परत मिटून ठेवत होती.

मी आत तिच्याकडे जायला उठू लागलो, तसा व्याह्यांनी माझा हात धरला. "बसा," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "हे आपल्याला कोणी सांगितलं नाही. आपण वाचलं. त्यांना कळू द्यायचं नाही." मग रोजनिशी बंद करून मोठ्याने म्हणाले, "मी उद्या पण येतो."

ते सोमवारी आले, मंगळवारीही आले. बुधवारी अकराच्या सुमाराला ते एकटेच हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. कारण सापडलं होतं. हा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या आधीच्या लॅपटॉपना कडेला वायफायचं एक सरकतं बटण असे. आमच्या लॅपटॉपला ते नव्हतंच. पण प्रणालीत त्या बटणावर लक्ष ठेवणारा एक छोटा कार्यक्रम होता, आणि नव्या सुधारणांबरोबर तो आमच्याही यंत्रात येऊन बसला होता. यंत्र सुरू झालं की तो बटणाला विचारायचा, चालू की बंद? बटणच नाही, तर उत्तर कोण देणार? मग हा आपला ‘बंद’ असा शेरा मारून मोकळा. "आमच्या खात्यात होता असा एक," व्याही डोळे पुसत म्हणाले. "नसलेल्या धरणाची पाणीपातळी दर महिन्याला शून्य लिहून पाठवायचा." त्यांनी त्या कार्यक्रमाचं नाव सुरू न करायच्या यादीत घातलं. लॅपटॉप बंद केला, सुरू केला. दिवा निळा. दहा वेळा केला, दहाही वेळा निळा. मग त्यांनी वहीतलं ते दुमडलेलं पान अंगठ्याने सरळ केलं.

दुपारपर्यंत ते काहीबाही निमित्त काढून बसून राहिले. अडीच वाजता आतल्या दिशेने म्हणाले, "विहीणबाई, यंत्र दुरुस्त आहे. आता काही टाइप करायला लागत नाही. नुसतं उघडायचं. मी यांना घेऊन जरा पेठेत चक्कर मारतो. मला तांब्याची भांडी पाहायची आहेत."

त्यांना तांब्याच्या भांड्यांचं काहीही नव्हतं. आम्ही तांबट आळीत जाऊन एका कारागिरासमोर उभे राहिलो. तो घागर ठोकत होता. व्याह्यांनी अर्थातच विचारलं, की ठोकता ठोकता आवाज बदलतो, तो काहून? कारागीर म्हणाला, "पत्रा दमतो, साहेब. मग परत तापवावा लागतो." व्याह्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी सारखा घड्याळाकडे बघत होतो. त्यांनी एकदाही बघितलं नाही. साडेचारपर्यंत त्यांनी मला त्या आळीत असं फिरवलं, की दोन दुकानदार आम्हाला सरकारी माणसं समजले.

घरी आलो तेव्हा लॅपटॉप मिटलेला होता. बायकोचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, "कांदा चिरत होते." चातुर्मास चालू होता. मग ती स्वतः चहा घेऊन बाहेर आली, व्याह्यांच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मधुराचे पाय फार सुजतात म्हणे. तुमच्याकडे बाळंतपणात डिंकाचे लाडू गुळात करतात की साखरेत?" व्याह्यांना लाडवांतलं काही कळत नव्हतं. पण त्यांनी वही उघडली आणि नवं पान काढलं.

याला आता बरीच वर्षं झाली. नातू मराठी, जर्मन आणि थोडं नागपुरी बोलतो. व्याही भंडाऱ्याला भाच्याकडे राहायला गेले. गुडघे बसच्या पायऱ्या चढू देत नव्हते. आमच्या जिन्यावर आता त्यांची पावलं वाजत नाहीत आणि रविवार सकाळ उगाचच लांब वाटते. कुठली वस्तू बिघडली, की मी नवी आणतो. ती का बिघडली हे विचारणारं घरात कुणी नाही.

मागच्या महिन्यात दुपारी पालेभाजी निवडताना बायको सहज म्हणाली, "त्या दिवशी त्यांनी तुम्हाला मुद्दाम बाहेर नेलं होतं. मला तेव्हाच कळलं." तिने निवडलेली भाजी बाजूला सारली. "मी त्यांना कधी काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं."

"लावू फोन?" मी विचारलं.

"लावा."

मी लावून दिला. ती फोन घेऊन खिडकीपाशी गेली. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मग तिचं हसणं आलं, मग नातवाच्या पडलेल्या दाताची गोष्ट, भंडाऱ्याच्या उन्हाची चौकशी, गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते. पाऊण तासाने ती परत आली आणि फोन माझ्या हातात देत म्हणाली, "ठेवला मी. तुम्हाला काही बोलायचं होतं का?"

खरं तर मला पुष्कळ बोलायचं होतं.