गिझरच्या आधी मामेसासरे

देवावर विश्वास नसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण नव्या बटणावर विश्वास नसलेला माणूस एकच पाहिला, तो म्हणजे माझे मामेसासरे. पूर्णेला रेल्वेत उभी हयात विजेच्या तारांत घालवून ते निवृत्त झाले आणि मग सगळ्या गोतावळ्याच्या भिंती त्यांनी ताब्यात घेतल्या. कुणाकडे पंखा बदलला, मोटार बसवली, की मामा पुढच्या एसटीने हजर. पिशवीत मीटर, टेस्टर आणि दोन तारा जोडलेला एक बल्ब. एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना हे मांडवातल्या नव्या कूलरमागे वाकलेले; अक्षता तिथूनच टाकल्या, त्या सगळ्या कूलरच्या पाण्यात पडल्या. मला दर भेटीत बजावत, “चालू हाय म्हंजे चांगलं हाय, आसं न्हाई जावईबापू. फिटर बटण दाबतो, दिवा लागला की गाडीला किक मारतो. आपल्याला तर घरात ऱ्हायचंय!”

गेल्या हिवाळ्यात लेक पहिल्या बाळंतपणाला मानवतला, आमच्याकडे आली. तिला दवाखान्यातून घरी आणायच्या आदल्या दिवशीच जुन्या गिझरने मान टाकली. मी धावपळ करून नवा बसवून घेतला, बायकोने त्याला हळदकुंकू वाहिलं. सकाळी बाळ-बाळंतीण उंबरठ्याशी आली, बायको भाकरतुकडा शोधू लागली, तेवढ्यात मामा सगळ्यांना ओलांडून थेट न्हाणीघरात शिरले.

“मामा, लेकरू खोळंबलंय. होऊ द्या की आता!” बायको वैतागली.

“पाणी गॅसवर तापव. याला कुणी हात लावायचा न्हाई.”

मला त्यांचा मनापासून राग आला. पण त्यांनी बल्बची एक तार फेजला, दुसरी अर्थिंगला लावली, तर बल्ब लखलखायचा सोडून नुसता लालसर झाला, म्हणजे अर्थिंग मेल्यातच जमा. गिझरच्या अंगाला टेस्टर टेकवला, तर तो मात्र झकास पेटला. फिटरने झाकणाखाली एक तार चेमटवली होती, तिची वीज गिझरच्या अंगात उतरली होती. आणि अर्थिंगचा खड्डा? तो अंगणात धुण्याच्या दगडाजवळ होता, धुण्याचं पाणी मुरून वर्षानुवर्षं ओला राहायचा. लेक येणार म्हणून मीच हौसेने अंगणभर चकचकीत फरशी घातली आणि खड्डा कोरडा पाडला; वीज जमिनीत जायची वाटच बंद झाली. ओल्या हाताने नळ धरणारी माझी लेक माझ्या डोळ्यांपुढे आली. राग कुठल्या कुठे गेला, लाज तेवढी उरली.

मामांनी मेन बंद केला, तार मोकळी करून नीट गुंडाळली, माझ्याकडून फरशी फोडून घेतली आणि खड्ड्यात बादल्यांवर बादल्या ओतायला लावल्या. दुपारी मेन चालू केला, तर बल्ब लख्ख पेटला. तरी त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. मोतीबिंदूमुळे मीटरचा आकडा त्यांना दिसेना. तो लेकीने वाचला, आणि काय बघायचं असतं तेही विचारून घेतलं.

“आता लाव बटण, माय,” ते तिला म्हणाले.

न्हाऊन गुलाबी झालेलं बाळ बायकोने त्यांच्यापुढे धरलं. विजेत काम केलेली माणसं अनोळखी वस्तूला तळहात लावत नाहीत, आधी हाताची मागची बाजू टेकवतात. मामांनी बाळाच्या गालाला तसाच उलटा हात लावला. क्षणभर थांबले, आणि मग तो हात त्यांनी हळूच सुलटा केला.