पाठीवरचं पिंपळपान

मुकुंदवाडी स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर रत्नमालाताईंचं शिलाईचं दुकान आहे. "शटर उघडलंस तर घर विसर," असं नवऱ्यानं बजावलं होतं. ताईंनी शटर उघडलं आणि घरही सोडलं नाही. आज त्यांच्याकडं चार मुली काम करतात. त्यातली अमृता आरीच्या भरतकामात सगळ्यांत तरबेज.

एके दिवशी तिचे वडील कडुबा तिला न्यायला आले. गिऱ्हाइकांना डिझाइन दाखवायच्या कॉम्प्युटरवर नेमकी तेव्हाच एक घाणेरडी जाहिरात उघडली.

"हे असलं बघतात का पोरी इथं? नेट तोडा, नायतर अमृता उद्यापासून येणार नाय."

"भाऊ, मी घाण बंद करीन, नेट नाय. रविवारी या. तुमच्यासमोरच करते."

मी कॉम्प्युटर इंजिनिअर, दुकानाची वेबसाइट मीच केलेली. म्हणून ताईंनी मला बोलावलं. नको त्या साइट अडवणारे तीन फिल्टर घेऊन मी गेले. लगीनसराई असल्यानं रविवारीही दुकान चालू होतं.

पहिला फिल्टर चित्रं बघून ठरवतो. त्यानं घाण पटापट अडवली. कडुबा खूश. "कडक हाय. हाच लावा."

ताईंनी ब्लाउजच्या मागच्या गळ्यांची डिझाइनं उघडायला सांगितली. एकही उघडलं नाही. रमीची साइट मात्र झटक्यात उघडली.

"बघा भाऊ, बाईची पाठ चालत नाय ह्याला. जुगार चालतो."

दुसरा शब्द बघतो. 'डीप नेक' दिसलं की अडवतो. सट्ट्याची जाहिरात मराठीत होती, ती त्यानं जाऊ दिली.

"ह्याला आधी मराठी शाळेत घाला," ताई म्हणाल्या. मुली खिदळल्या.

तिसरा साइटचा प्रकार बघतो. घाण आणि जुगार बंद, कपडे चालू, जाहिरातीही अडवतो. तरी एक घाणेरडी साइट त्याच्या हातून निसटलीच. मी ते लपवलं नाही.

कडुबांनी तेवढंच धरलं. "निसटली ना? मग पहिलाच लावा. पोरीबाळींच्या जागी ढिलं काम नको."

"बरं. पहिला लाव गं, आणि आपल्या दुकानाची साइट उघड," ताई मला म्हणाल्या.

स्क्रीनवर लाल पाटी आली: अश्लील मजकूर. मी फिल्टर काढून साइट पुन्हा उघडली. बुद्धविहारात पाठमोरी उभी नवरी. पांढरी साडी, ब्लाउजच्या पाठीवर निळ्या रेशमाचं पिंपळपान. ती कडुबांची सून होती. पान अमृतानं भरलेलं. लग्नात कडुबांनीच पाव्हण्यांना बोलावून बोलावून ते दाखवलं होतं.

"ही अश्लील? बोला ना भाऊ. मशीन म्हणतंय म्हणून मी हा फोटो काढणार नाय. तिसराच लागंल. त्यातून काय निसटलं तर आम्ही हातानं बंद करू."

कडुबा फोटोकडं बघत राहिले. "सून चांगलीच हाय," ते पुटपुटले. मग आवाज चढवून म्हणाले, "पण पोरगी माझी हाय. चल अमृता."

अमृता फ्रेमवरून उठली नाही. ताणलेल्या कापडात सुई टोचत म्हणाली, "पप्पा, सुट्टी सहाला होते. तोवर बसा, नायतर पुढं व्हा. उद्या बी मी येणार हाय."

ताईंनी खुर्ची पुढं सरकवली. कडुबा बसले. मी तिसरा फिल्टर लावायला घेतला.